चालकाचे पोट आणि कामाचे तास

(कोलकाता येथे मालवाहतूक कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात मराठी भाषक साथींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)

साथींनो,

आजच्या वर्गाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठ साथीने मला बाजूला घेऊन विचारले, "ज्या शहरात आपण अन्नासाठी मोर्चे काढले, त्याच शहरात तुम्ही कामगाराला आता कमी खा म्हणून सांगणार काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन मला पुढे जाता येणार नाही. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली. या शहराच्या पदपथांवर भाताच्या पेजेसाठी हात पसरलेली माणसे मरून पडली. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी याच शहरात अन्नाची मागणी करणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि अनेकांचे प्राण घेतले. अशा भूमीवर उभे राहून वजन कमी करण्याची गोष्ट बोलणे हे वरकरणी चैनीचे वाटेल. खात्यापित्या घरातील सुखवस्तूंचा हा विषय, कामगार चळवळीला त्याचे काय, असेही कोणी म्हणेल.

तथापि धुलागडच्या ट्रक तळावर उभ्या असलेल्या गाड्यांमधून एकदा फेरी मारून यावे. चाळिशी ओलांडलेले किती चालक पोट सुटलेले, जिना चढताना धापा टाकणारे, मांडीला मुंग्या येतात म्हणून सांगणारे दिसतात ते पाहावे. ही माणसे सुखवस्तू नाहीत. त्यांच्या घरी जमीन तुटपुंजी, डोक्यावर कर्ज, आणि महिनोन्महिने बायकामुलांचे तोंड पाहायला मिळत नाही. त्यांचे पोट सुटते ते समृद्धीने सुटलेले नाही. तो त्यांच्या कामाचा परिणाम आहे. गिरणी कामगाराच्या फुप्फुसात जसा कापसाचा तंतू जाऊन बसतो, तसाच चालकाच्या कमरेभोवती त्याचा कामाचा दिवस जाऊन बसतो. हे मला आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

एका चालकाची हकीकत

गेल्या हिवाळ्यात तळावर आम्ही काही डॉक्टर मित्रांच्या साह्याने तपासणी ठेवली होती. त्यात अकोला जिल्ह्यातील एक चालक आला. वय शेहेचाळीस, उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर, वजन ब्याण्णव किलो, कमरेचा घेर एकशे चार सेंटिमीटर. वीस वर्षे तो मुंबई-कोलकाता मार्गावर आहे. रक्तातील साखर तपासली तर ती उपाशीपोटीसुद्धा मधुमेहाच्या मर्यादेच्या बरीच वर होती. डॉक्टरांनी ती चिठ्ठीवर लिहावयास घेतली, तोच त्याने त्यांचा हात धरला. म्हणाला, "साहेब, तोंडी सांगा. कागदावर लिहू नका. मालकाच्या हाती कागद पडला तर दुसरा ड्रायव्हर बसवील."

त्या माणसाला आजार नवा होता, पण भीती जुनी होती. माल वाहणारी गाडी चालविण्याच्या परवान्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो. दाखला देणारा आणि घेणारा दोघेही अनेकदा तो उरकून टाकतात. परिणामी जी तपासणी कामगाराच्या रक्षणासाठी असावयास हवी, ती त्याच्या भाकरीवर टांगलेली तलवार बनते आणि तो आपला रोग लपवून ऐंशीच्या वेगाने रात्र कापीत राहतो. आजच्या विषयातील खरा प्रश्न इथे आहे.

शरीर कसे बिघडते

प्रथम मोजमाप समजून घेऊ. आपल्या देशातील माणसांना मधुमेह आणि हृदयविकार युरोपियनांच्या मानाने कमी वजनावरच गाठतात, म्हणून आपल्यासाठी मर्यादाही खालच्या आहेत. एकशे पासष्ट सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन सुमारे त्रेसष्ट किलोच्या पुढे गेले की ते जास्त समजावे, आणि अडुसष्टच्या पुढे गेले की लठ्ठपणा. त्याहूनही सोपी कसोटी कमरेची. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, याच्या आत असावा. स्त्रीचा ८० च्या आत. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते, दवाखाना लागत नाही.

आता कामाचा आणि शरीराचा संबंध पाहा. जेरेमी मॉरिस नावाच्या ब्रिटिश संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. चालक आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच मालकाकडे, एकाच वस्तीतून आलेले. चालक दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसातून शेकडो पायऱ्या चढउतार करणारा. चालकांत हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. पुढे १९५६ मध्ये मॉरिस यांनी या कामगारांच्या गणवेशाच्या मापांची नोंद तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कंडक्टरांच्या विजारींहून कमरेत मोठ्या असल्याचे दिसून आले. कामगाराच्या पोटाचा इतिहास शिंप्याच्या वहीत लिहिलेला होता. वाचणारा मात्र कोणी नव्हता.

आपला चालक बहुधा शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या घरातून येतो. नांगर धरणाऱ्या बापाच्या ताटात जेवढे वाढले जाई, तेवढे जेवण त्याच्या अंगवळणी पडलेले असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या अंदाजानुसार पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाला जड श्रमाला दिवसाला ३,४७० उष्मांक लागतात, मध्यम श्रमाला २,७१० आणि बैठ्या कामाला अवघे २,११०. चालक थकतो ते नजरेने, पाठीने आणि जागरणाने. स्नायूंनी तो कारकुनाइतकाच चालतो. थकवा नांगऱ्याचा आणि खर्च कारकुनाचा, अशी ही विसंगती आहे. थकलेला माणूस पोटभर जेवतो यात त्याचा दोष नाही, पण शरीर हिशेब चुकवीत नाही.

त्यात रात्रीची भर. कोलकात्यात जड मालगाड्यांना दिवसाच्या बऱ्याच वेळी शहरबंदी असते. चालक दिवसभर वेशीवर उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहतो आणि रात्री पोस्त्याच्या बाजाराकडे किंवा खिदिरपूरच्या गोदीकडे निघतो. झोप तुकड्यातुकड्यांनी होते. २००४ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. भूक शमविणारे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले, भूक वाढविणारे २८ टक्क्यांनी वाढले आणि त्या तरुणांची भूक सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढली. विशेषतः गोड आणि पिठूळ पदार्थांची. जागरणानंतर चालक परोठ्यावर लोणी मागतो ते जिभेच्या चोचल्यापायी नव्हे. झोपेची उधारी तो अन्नाने फेडू पाहतो.

कामाचा दिवस

तेव्हा वजनाच्या मुळाशी वेळ आहे. आणि वेळेचा प्रश्न म्हटला की तो आपला प्रश्न झाला. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसाची चर्चा करताना लंडनमधील रेल्वे अपघाताच्या चौकशीची हकीकत दिली आहे. अपघातासाठी आरोपी केलेल्या कामगारांनी सांगितले की चौदा, अठरा, वीस तास आणि हंगामात चाळीस-पन्नास तास सलग काम करावे लागे, आणि एका मर्यादेनंतर डोळ्यांना दिसेनासे होई. आज आपल्या महामार्गावरील अपघातानंतर बातमीत 'चालकाचा डोळा लागला' एवढेच छापून येते. तो किती तासांनी लागला हे छापून येत नाही.

या नगरीच्या पलीकडच्या तीरावर, हावड्यात, १८६२ साली बाराशे रेल्वे कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम बंद केले होते. शिकागोच्या मे दिनाच्या चोवीस वर्षे आधी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने तो आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा चालकाला कागदावर दिला. लांब पल्ल्यासाठी कमाल दहा तास, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, विश्रांतिगृहे, आणि शंभर कामगारांच्या ठिकाणी उपाहारगृह, अशा तरतुदी त्यात होत्या. पाच कामगार असलेल्या व्यवसायापासून तो लागू होई. त्याची अंमलबजावणी किती झाली हे आपण जाणता. आता तो कायदाही स्वतंत्र राहिलेला नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेत तो विलीन करण्यात आला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणण्यात आली. तीत मोटार वाहतूक व्यवसायासाठी कामगारांची किमान संख्या पाचावरून दहावर नेण्यात आली आहे. ज्या धंद्यात बहुसंख्य मालक एक, दोन, चार गाड्यांचे आहेत, त्या धंद्यात ही एक ओळ किती चालकांना कायद्याबाहेर ढकलते याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

अर्थात लहान मालकालाच शत्रू ठरवून चालणार नाही. पुष्कळदा तोच चालक असतो आणि वित्त कंपनीच्या हप्त्याखाली दबलेला असतो. भाडे ठरविणारे बडे माल पाठविणारे, दलाल आणि हप्ता वसूल करणारे या साखळीत वर बसलेले आहेत. त्यांनी भाडे दाबले की मालक खेपेचा खर्च दाबतो. खेपेला ठोक रक्कम देण्यात येते. त्यातच डिझेल, वाटेतले खर्च आणि जेवण. जे वाचेल ते चालकाचे. अशा रीतीने चालकाला स्वतःच्या ताटातूनच कमाई करावयास लावलेली असते. डाळ, भाजी, दही महाग आणि मैदा, बटाटा, साखर स्वस्त. मग तो काय खाईल?

ताटात काय असावे

परंतु साथींनो, व्यवस्था बदलेपर्यंत शरीर थांबत नाही. क्रांतीची वाट पाहत रक्तातील साखर स्थिर राहते असा काही नियम नाही. म्हणून आज, याच रस्त्यावर, याच पैशांत काय करता येईल हेही सांगितले पाहिजे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असावे. अडीचशे ग्रॅम पीठ म्हणजे घरच्या आठ मध्यम पोळ्या. धाब्यावरची तंदुरी रोटी त्याच्या जवळजवळ दुप्पट असते, तेव्हा दिवसभरात चारच. सत्तावीस ग्रॅम तेल म्हणजे दोन मोठे चमचे. ते तडका दिलेल्या एका डाळीत आणि एका परोठ्यात संपते. म्हणून जेवण मागतानाच सांगावे : रोटी कोरडी, डाळ बिनतडक्याची, सोबत दही आणि कांदा-काकडी दुप्पट. हे मागायला जादा पैसे लागत नाहीत, थोडा संकोच सोडावा लागतो.

कोलकात्यात मुक्काम असेल तेव्हा पाइस हॉटेलात जेवावे. तेथे जेवणाची सुरुवातच पालेभाजीने होते, मग डाळ, मग माशाचा पातळ रस्सा. ही पद्धत उत्तम आहे. फक्त भात दुसऱ्यांदा घेऊ नये. बिहारी साथी सत्तू बाळगतात, ते आपण शिकावे. पन्नास ग्रॅम सत्तूत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. पाण्यात कालवून, मीठ बेताने घालून, लिंबू पिळून घेतले की सकाळ निभते आणि चूल पेटवावी लागत नाही. भाजलेले चणे, थोडे शेंगदाणे, मोड आलेली मटकी, कुरमुरे, हंगामी फळ हे गाडीत ठेवण्याजोगे. ज्यांच्याकडे स्टोव्ह आहे त्यांनी क्लीनरच्या मदतीने गाडीच्या सावलीत पिठले, भाकरी आणि भाजी करावी. ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हितकर.

चहाचा हिशेब स्वतंत्र. दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. दिवसाला दहा चहा झाले की शंभर ग्रॅम साखर, चारशे उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत, शक्यतो पंचवीसच्या आत असावी. थंड पेयाच्या एका लहान बाटलीत ही पंचवीस ग्रॅमची मर्यादा संपते. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, चालक ऐकणारही नाही. साखर अर्धी करा आणि चहा पाच करा. नुसत्या एवढ्याने रोजचे तीनशे उष्मांक वाचतात.

मुख्य जेवण शक्य तितके सूर्यास्ताच्या आसपास आटोपावे. मध्यरात्री शरीर साखर नीट हाताळीत नाही, तेव्हा मध्यरात्रीचे खाणे हलके ठेवावे. तंबाखू आणि गुटख्याने भूक मारणे हा उपाय नव्हे, तो दुसरा रोग आहे. थांबावे लागू नये म्हणून पाणी न पिण्याची सवय मोडावी. आणि चालावे. साधारण बारा मीटर लांबीच्या गाडीभोवती तीस फेऱ्या मारल्या की जवळजवळ एक किलोमीटर होतो. डिझेल भरताना, बिल्टीची वाट पाहताना, हमाल माल उतरवीत असताना तेवढा वेळ नक्की मिळतो.

घाई करू नये. आठवड्याला अर्धा किलो पुरेसा. चूर्णे आणि गोळ्यांच्या जाहिरातींना भुलू नये. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांनी केवळ आहार आणि चालणे सुधारले, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले. औषधाविना. मात्र ज्याला मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्याने जेवण टाळून गाडी चालवू नये. साखर एकाएकी उतरली तर स्टिअरिंगवरच शुद्ध जाते. जो मोठ्याने घोरतो आणि दिवसा पेंगतो, त्याचा झोपेत श्वास अडत असण्याचा संभव आहे. त्याने डॉक्टरला दाखविलेच पाहिजे.

आपली चूक आणि आपले काम

आता थोडे आत्मपरीक्षण. १९९० नंतरच्या दशकांत चालकांच्या आरोग्याविषयी शासन आणि संस्था यांना एकाएकी आस्था उत्पन्न झाली, ती एड्समुळे. ते काम आवश्यक होते. परंतु त्यात चालक हा रोग वाहून नेणारा म्हणून मोजला गेला. त्याला स्वतःचे हृदय, यकृत आणि झोप आहे हे कोणाच्या ध्यानी आले नाही. आपणही भाडे, भत्ता, पोलिसी वसुली, आणि जानेवारी २०२४ मध्ये अपघातासाठी दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद, यांवर लढलो. तो लढा योग्यच होता. पण चालक काय खातो आणि कोठे झोपतो हा प्रश्न आपल्या मागणीपत्रकात कधी वर आला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मालगाड्यांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगले झाले. मात्र थंड केबिन म्हणजे आणखी चार तास चालविण्याची सबब होऊ देता कामा नये.

सबब माझ्या मते मागण्या अशा असाव्यात. जेवणाचा भत्ता खेपेच्या ठोक रकमेतून वेगळा काढावा. कामाचे आणि विश्रांतीचे तास लेखी नोंदवावेत. कायद्याची मर्यादा पुन्हा खाली, एका चालकापर्यंत आणावी. वर्षातून एकदा मोफत तपासणी व्हावी, तिचा निकाल चालकाच्याच हाती राहावा आणि आजाराच्या कारणाने त्याला कामावरून दूर करता येऊ नये. उपचाराच्या काळात त्याला पगार किंवा हलके काम मिळावे. आणि प्रत्येक ट्रक तळावर सावली, पाणी, शौचालय व उपाहारगृह असावे.

हे उपाहारगृह कोण चालविणार, असे विचारले जाईल. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसकडे पाहावे. १९५७-५८ च्या सुमारास कॉफी बोर्डाने कामगारांना घरी बसविले, तेव्हा कॉम्रेड ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी देशात ठिकठिकाणी सहकारी संस्था काढून कॉफीगृहे स्वतः चालविली. कॉलेज स्ट्रीटचे कॉफी हाउसही आज कामगारांचीच सहकारी संस्था चालविते. कामगार कॉफीगृह चालवू शकतात तर ट्रक तळावर डाळ, भाजी आणि कोरडी रोटी देणारी खाणावळ निश्चितच चालवू शकतील.

प्रत्येक साथीला एक छोटे काम देतो. पुढील महिन्यात दहा चालकांच्या कमरेचा घेर टेपने मोजावा, आणि गेल्या चोवीस तासांत तो किती तास चाकावर होता, किती तास झोपला, काय जेवला हे लिहून आणावे. नाव लिहू नये. हाच आपल्या मागणीपत्रकाचा पाया होईल.

त्या अकोल्याच्या चालकाविषयी सांगून थांबतो. आठ महिन्यांत त्याने चहाची साखर निम्मी केली, रात्रीचा परोठा सोडला, गाडीभोवती फेऱ्या सुरू केल्या. कमर एकशे चारवरून अठ्ठ्याण्णववर आली आणि साखरही उतरली आहे. औषध तो नियमित घेतो. परंतु गोळ्या अजून बिडीच्या डबीत लपवून ठेवतो. त्याच्या इच्छाशक्तीने जे होण्यासारखे होते ते त्याने करून दाखविले. त्या गोळ्या डबीतून बाहेर उघड्यावर आणणे हे एकट्याने होणारे काम नाही, ते संघटनेचे काम आहे.

ज्येष्ठ साथींना माझे उत्तर एवढेच. आपण १९५९ मध्ये अन्न मागितले होते. आज आपण योग्य अन्न आणि ते खाण्यापुरता वेळ मागतो. लढा तोच आहे, त्याचे दुसरे कलम आता हाती घ्यावयाचे आहे.

लाल सलाम.